तळटीप नऊ

आमच्या संस्थेचं काम तसं सोपं आहे.
विद्यापीठातून येतं ते आटवायचं.
दोनशे चौदा पानं मंद आचेवर ठेवायची,
ढवळत राहायचं,
दोन उरली की उतरवायची
आणि निवायच्या आत व्हाइटहॉलला पोचवायची.
करपू द्यायचं नाही. साय मात्र
बहुतेक वेळा भांड्यालाच राहते.

लंडन, दुसरा मजला. भिंतीवर माजी अध्यक्ष,
सगळे दाढीवाले, एक बाई सोडून.
त्या बाईंच्या तसबिरीखाली माझं टेबल.

डॉ. इमोजेन थॅक्रा तीन हिवाळे कीथलीत राहिल्या.
त्या गावाच्या नावात लिहितात 'घ', उच्चारतात 'थ'.
मला तेव्हाच कळायला हवं होतं
की इथल्या कागदांचं असंच असतं.
सकाळची पहिली बस बंद झाल्यावर
माणसं कामाला जातात कशी,
एवढंच त्यांनी विचारलं. एकसष्ट जणांना.

सहभागी क्रमांक सतरा: हॉस्पिटलच्या लाँड्रीत,
वय अठ्ठावन्न, पाचच्या आधी घर सोडते,
कालव्याच्या काठाने पाऊण तास चालते,
हातात टॉर्च.
टॉर्च नवऱ्याची. नवरा नाही.
"अंधाराचं काही नाही हो," ती म्हणाली,
"बदकं दचकतात, त्याचं वाईट वाटतं."

दोन पानांत बदकं बसत नाहीत.
मी 'एकतीस टक्के' ठेवले,
'अल्प उत्पन्न गट' ठेवला,
टॉर्च काढली. परत ठेवली. काढली.
शेवटी बारीक टायपात
तळटीप नऊ म्हणून खाली सरकवली,
पंगतीत जागा नसली की पोराला
मांडीवर घेतात तशी.

मग बैठक. चहा, शॉर्टब्रेड.
मंत्र्यांचे सल्लागार फर्गस पेल,
वय एकोणतीस, हाताशी अकरा मिनिटं.
डॉक्टर म्हणाल्या, "ठामपणे सांगता येणार नाही, पण..."
तो 'पण'च्या पुढचं टिपून घ्यायला टपलेला
आणि त्या 'पण'च्या अलीकडेच घुटमळत.
दोघांची भाषा इंग्रजीच,
तरी दुभाष्या मी,
अकोटच्या शाळेत इंग्रजीत काठावर पास झालेला.

पेलने कागद उचलला आणि खालून वाचला.
खालून वाचणारी माणसं मला आवडतात.
"ही टॉर्च," तो म्हणाला, "नेमका रस्ता कुठला?"

चौदा महिने. चार पत्रं. मंत्री बदलले.
मग कालव्याच्या काठाला दिवे लागले.
बावीस खांब.

बस नाही. दिवे.
पादचारी सुरक्षेच्या खात्यात पैसे शिल्लक होते,
बसचं खातं वेगळं, तिथे खडखडाट.

डॉ. थॅक्रा फोनवर बराच वेळ गप्प.
मग म्हणाल्या, "मी बसबद्दल लिहिलं होतं ना?"
लिहिलं होतं.
दोनशे चौदा पानं बसबद्दलच होती.
टॉर्च माझी.
म्हणजे, ठेवलेली मी.

वार्षिक सभेत टाळ्या झाल्या.
'संशोधनाचा समाजावरील प्रभाव' या सदरात
आम्ही बावीस खांब मोजले.
पडद्यावर फोटो दाखवला, छान होता,
त्यात एकही माणूस नव्हता.

आणि सतरा नंबरचं पत्र आलं,
नाव काळ्या शाईने झाकलेलं, नियमाप्रमाणे.
"दिव्यांबद्दल आभार.
टॉर्च आता ड्रॉवरमध्ये असते,
सवयीने अजून खिसा चाचपते.
पाऊण तास मात्र पाऊण तासच आहे.
बदकं आताशा रात्रभर जागी दिसतात.
त्यांना कुणी विचारलं होतं का?"

हे कुठल्या फाइलला लावायचं
ते कुणालाच सांगता येईना.
माझ्याच खणात पडून आहे.

आज नवा अहवाल आलाय, तीनशे दोन पानं,
शाळेतल्या दुपारच्या जेवणावर.
मुदत शुक्रवारची.
अजून आच लावलेली नाही.
शेवटच्या पानाच्या तळापासून
वर वर वाचत निघालोय.